प्रिंटरला भिणारे दाजी

वाघाला, पोलिसाला आणि बायकोच्या माहेरच्यांना न भिणारा माणूस निपाणी-बेळगावच्या पट्ट्यात एखादा सापडेलही. पण प्रिंटरला आमच्या दाजींइतका भिणारा माणूस उभ्या कर्नाटकात नाही, आणि महाराष्ट्रानं कितीही दावा सांगितला तरी तिकडंही नाही.

दाजी म्हणजे आमच्या थोरल्या आक्काचे यजमान. निपाणीतल्या एका तपासणी केंद्रात ते कॉम्प्युटरपाशी बसतात. नमुने तपासायला जातात बेळगावला. तिथून निकाल दाजींच्या काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत येतो आणि दाजींनी एक बटण दाबलं की शेजारच्या जुनाट प्रिंटरवर जातो. काम एवढंच. पण त्या एका बटणापायी या माणसाचं निम्मं रक्त आटलेलं आहे. पडद्यावर आहे तोवर आजार कच्चा असतो, असं त्यांचं ठाम मत. "कागदावर आला की पक्का झाला रं!" म्हणून आधी चपला काढतात, प्रिंटरची धूळ पुसतात, कागद नीट बसलाय का ते तीनदा बघतात आणि मग बोट असं पुढं नेतात, की समोर बटण नसून नाग असावा. प्रिंटर खर्रर्र करून ओरडला की बाकावरचे पेशंटही उठून उभे राहतात. चिकोडीच्या एका पैलवानाची साखर छापताना दाजींचा चेहरा इतका पडला, की पैलवान रिपोर्ट न घेताच पळाला. साखर अगदी बेतात होती!

छापून झालं की प्रिंटरची वाट बंद करायची असते, नाहीतर पुढचं सगळं पडद्याऐवजी कागदावरच जातं. भीतीच्या भरात दाजी एकदा ते विसरून जेवायला गेले. परत येतात तो कागदाची पट्टी पायऱ्या उतरून बसस्टँडला पोचलेली! तिथं एक म्हातारी ती धरून विचारत होती म्हणे, "संकेश्वरच्या गाडीची रांग हीच व्हय?"

मग आक्काच्या मानेला गाठ आली. त्या गाठीचा तुकडा तपासायला बेळगावला गेला आणि आठ दिवस दाजींच्या घशाखाली धड घास उतरला नाही. निकालाच्या सकाळी मी आणि आक्का बाकावर बसलो होतो. पडद्यावर तिचं नाव उमटताच दाजींनी डोळे मिटले आणि न वाचताच बटण दाबलं. नाव छापलं, वय छापलं, गाठीची जागा छापली, आणि दाजींनी प्रिंटरची वायर उपसून काढली!

एरवी मी पोट धरून हसलो असतो. त्या दिवशी मी वायर उचलून त्यांच्यापुढं धरली.

"दाजी, जोडा की ती."

"न्हाय जमायचं रं. फुडची ओळ न्हाय बघायची मला."

आक्का उठली. "अवो, गाठ माझी हाय का तुमची? सरा तिकडं." तिनं स्वतः वायर जोडली. "आता कुठलं दाबू?" दाजींनी लांबूनच बटण दाखवलं. तिनं दाबलं.

पुन्हा पहिल्यापासून सगळं: नाव, वय, जागा. मग शेवटची ओळ. ती मीच वाचली. गाठ साधी होती, कर्करोग नव्हता. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायची होती.

"लई भ्यालासा की," आक्का म्हणाली.

दाजींनी तिचा पदर बोटाला गुंडाळला होता. बाहेर पेशंट खोळंबले होते, तरी ते तसेच बसून राहिले. आणि सहा महिने म्हणजे नेमका कुठला महिना, हे हळू आवाजात तिलाच पुन्हा पुन्हा विचारत राहिले.