टाकीत उतरण्याआधी

नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा आमच्याकडे एका डेअरीच्या प्लांटचं देखभालीचं कंत्राट होतं. पाइप, पंप, टाक्या, जे बिघडेल ते दुरुस्त करायचं. मी तोवर धायरीच्या घरी बसून बिलं आणि पगार बघत असे. प्लांटचं गेट कधी ओलांडलं नव्हतं. आता ओलांडावं लागलं, कारण दुसरं कोणी नव्हतं.

आमचा फोरमन बिबवेवाडीचा. त्याचे वडील भांड्यांना कल्हई करायचे, हा स्टीलच्या टाक्यांना वेल्डिंग करतो. नवऱ्याबरोबर तो पहिल्यापासून आहे. मला वहिनी म्हणतो.

त्या वर्षी दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवला, त्या शटडाऊनमध्ये एका मोठ्या टाकीला आतून तडा गेलेला सापडला. फोरमनला आत उतरून वेल्डिंग करायचं होतं. अशा टाकीत दूध ढवळायला एक पंखा असतो. माणूस आत असताना तो सुरू झाला तर काय होईल, हे कळायला इंजिनियर असावं लागत नाही. म्हणून आधी त्याच्या विजेच्या पॅनेलला, स्विच बंद करून, कुलूप घालतात आणि किल्ली आत जाणाऱ्याच्या खिशात देतात. त्या दिवशी प्लांटचं कुलूप कुणालाच सापडेना.

"मॅडम, स्विच बंद आहे. मी स्वतः सांगतोय," मेंटेनन्स मॅनेजर म्हणाले.

"कुलूप लागू द्या. मग उतरेल तो."

"तुमचे मिस्टर असला हट्ट कधी करत नसत."

"ते आजारी आहेत. आज मी आलेय."

"ते दिसतंच आहे," असं म्हणून ते चहाला निघून गेले.

फोरमन हेल्मेट मांडीवर घेऊन टाकीशेजारी बसून राहिला. माझी बाजू घेऊन बोलला नाही, विरोधातही नाही. मी रिक्षा करून हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि कुलूप आणलं. काम झालं, पण प्लांट उशिरा सुरू झाला. पुढच्या वर्षी ते कंत्राट दुसऱ्याला गेलं. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

नवऱ्याचं बोलणं अडखळत असे. "घालवलंस," एवढाच शब्द त्याने नीट उच्चारला आणि भिंतीकडे तोंड केलं. काही दिवस माझ्याशी बोललाच नाही.

मग फोरमन त्याला भेटायला आला. मी चहा ठेवत होते. नवऱ्याने त्याला विचारलं, "तुला... भीती वाटायची? आत?"

"वाटायची की, साहेब. कुलूप नसेल तेव्हा जास्त. पण तुम्ही पॅनेलपाशी उभे असायचात ना. मी वर येईपर्यंत पाणी प्यायलासुद्धा हलायचा नाहीत."

हे मला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत घरी त्याने कधी सांगितलं नव्हतं. मी कप घेऊन दारातच थांबले.

"पाय दुखायचे," नवरा म्हणाला. त्यावर दोघंही हसले.

आता आमच्याकडे एका तेलाच्या कारखान्याचं काम आहे. डेअरीपेक्षा बरंच लहान. नवरा कधीकधी काठी टेकत माझ्याबरोबर येतो आणि गेटवर खुर्ची टाकून सिक्युरिटीवाल्याशी गप्पा मारत बसतो. एक वाक्य पुरं करायला त्याला अजून वेळ लागतो. सिक्युरिटीवाल्याला घाई नसते.