ओढा म्हणाल्या, तेव्हा

डॉ. इंदुमती माने यांच्या साठीनिमित्त लिहा, असे गौरवसमितीने सांगितले तेव्हा आनंदाआधी मला धडकी भरली. मॅडमची आणि माझी ओळखच भीतीत झाली.

मलकापूरच्या एका रुग्णालयात, अपघात विभागात, मी नुकताच रुजू झालो होतो. मॅडम तिथे हाडांच्या शस्त्रक्रिया करीत. एका सकाळी महादेव नावाच्या निवृत्त जवानाला जीपमधून आणले. उसाची ट्रॉली ट्रॅक्टरला जोडायची पिन घालायला ते दोन्हींच्या मध्ये उभे होते आणि ट्रॅक्टर मागे सरकून त्यांची कंबर चेपली. चालवत होता त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, संपत. महादेवांच्या अंगावर रक्ताचा थेंब नव्हता. "काय न्हाई झालं डॉक्टर, जरा कंबर धरलीया," ते म्हणाले. मला हायसे वाटले. आमच्याकडे पडलेल्या माणसाला आधी उभे करून बघतात; चार पावले चालला की निभावले. शिकूनसवरून मीही तेच केले. "उठा, एक्स-रेला जाऊ," म्हणालो. संपतने त्यांच्या काखेत हात घातले.

"झोपवा त्यांना." मॅडम आल्या होत्या. त्या कधी आवाज चढवत नाहीत, तेव्हाही चढवला नाही. महादेवांची नाडी धावत होती, कपाळ घामाने डबडबले होते. ओटीपोटाच्या हाडांचे कडे फुटले की रक्त आतल्या आत साठते आणि उभे केले की आणखी वाहते, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. समोर माणूस पांढराफटक पडू लागला, तेव्हा त्यातले एक अक्षर मला आठवेना.

फुटलेले कडे आवळून आतले रक्त थोपवायला मॅडमनी चादर कमरेला नव्हे, खाली मांड्या सुरू होतात तिथे गुंडाळली. एक टोक स्वतः धरले, दुसरे संपतपुढे केले. तो मागे सरला.

"माझ्या हातनं नगं, बाई. माझ्यामुळंच झालंय ह्ये."

"म्हणूनच तुम्ही ओढा. तुमच्याइतका जीव लावून इथे दुसरं कोण ओढणार?"

त्याने ओढले. गाठ बसली. मग रक्त चढवले, शस्त्रक्रिया झाली. तोवर संपत बाहेर भिंतीला टेकून बसला होता आणि त्याच्याकडे बघायचे धाडस मला होत नव्हते.

महादेव वाचले. एक पाय ओढत चालतात, पण चालतात. सगळेच वाचत नाहीत; जे गेले त्यांची नावे मॅडमना आजही तोंडपाठ आहेत.

त्या दिवशी मॅडम मला एका शब्दानेही रागावल्या नाहीत. स्वतः चहा आणून दिला. देताना त्यांच्या हातातली बशी वाजत होती. मी चाचरत विचारले, "तुम्हालाही भीती वाटते?"

"रोज. वाटेनाशी झाली, की मी घरी बसेन."

त्या आता निवृत्त होत आहेत, तेही केवळ नियमाप्रमाणे. पुढच्या महिन्यापासून "उठा" म्हणायचे की "झोपा", हे मला एकट्याला ठरवायचे आहे. मॅडम, तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. यात माझा स्वार्थ आहे. फोन केला की पलीकडून तुमचा आवाज यावा, अजून पुष्कळ वर्षे. माझ्याकडून देण्याजोगे एकच वचन आहे. मी घाबरत राहीन.