दोन बाप्तिस्मे झालेली भाकरी

ज्या बाईला भाकरीत अख्खं शुभवर्तमान दिसत होतं, अशी बाई मी अंबरनाथच्या आमच्या खानावळवाल्या मावशींखेरीज दुसरी पाहिली नाही. मी नगरकडचा, चौथीत शाळा सोडलेला, काडेपेटीच्या कारखान्यात रोजंदारीवर नवाच लागलेला. उद्या कामावर घेतील का, गावी आई कशी असेल, या घोरात माझा घास घशाखाली उतरत नसे. मावशी नात्याच्या नव्हत्या, पण गाववाल्या आणि आमच्याच ख्रिस्ती मंडळीतल्या. मी ताटावर नुसता बसून राहिलो की त्या परातीतल्या ज्वारीच्या पिठावर आदणाचं पाणी ओतत म्हणायच्या, "बघ, चटका बसल्याबिगर पीठ एकमेकाला धरत न्हाई. देव तुला भाजत न्हाई लेकरा, मळतोय. जेव."

मळणं झालं की थापणं. भाकरी चिरली तर पिठाला दोष द्यायचा नाही, हात ओला करून चीर बुजवायची. यालाच क्षमा म्हणतात. तव्यावर टाकली की वरून पाणी फिरवायचं आणि उलटून मग निखाऱ्याला लावायची. "आधी पाण्याचा बाप्तिस्मा, मग इस्तवाचा. दोन्ही झाल्याबिगर फुगत न्हाई." एकदा निर्वासितांच्या कल्याण कॅम्पातला एक सिंधी फिटर भुकेजून म्हणाला, "मौसी, मेरी रोटी को एक ही बाप्तिस्मा दे दो, भोंगा होनेवाला है." मावशींनी त्याला थांबवलंच. "कच्चा विश्वास पोटात दुखतो," त्या म्हणाल्या, आणि त्याला मराठी कळत नव्हतं म्हणून पोट धरून दाखवलं.

आमच्या मंडळीला देऊळ, म्हणजे चर्च, नव्हतं. रविवारी खानावळीतली बाकं एका रांगेत लावली की तेच देऊळ. दर दोन-तीन महिन्यांनी कल्याणहून पाळकसाहेब प्रभुभोजनाला येत आणि त्यात मोडून सगळ्यांना द्यायचा पाव पिशवीतून आणत. दर वेळी मावशी विचारायच्या, "साहेब, माझी भाकरी न्हाई का चालायची?" साहेब मवाळ माणूस. म्हणायचे, "पाहू, मावशी. वर विचारावं लागेल." मावशी म्हणायच्या, "वर तर मी रोज इचारते. तिथनं कुणी नको म्हणलं न्हाई." ते हसून विषय टाळत. मावशी मात्र हसत नसत. भांडी घासताना मला एकदा म्हणाल्या, "गावात आमच्या हातचं पाणी घेत न्हवते रं. देवाच्या मेजावर तरी माझी भाकरी जाऊ दे की." त्यानंतर साहेब आले की मीच धास्तावायचो, या वेळी काय म्हणतात म्हणून.

एका रविवारी साहेब पाव विसरले. मंडळीचा कारभार पाहणाऱ्याला आम्ही वडील म्हणतो; आमचे वडील म्हणजे एक निवृत्त कंपाउंडर, कानानं जरा अधू. ते सायकल काढून कॅम्पात गेले. आम्ही गीतामागून गीत गात बसलो. वडील घामाघूम होऊन परतले आणि त्यांनी मेजावर पुडी ठेवली. साहेबांनी ती उघडली. आत पावशेर पापड.

झालं होतं असं. कॅम्पात पावाला म्हणतात डबलरोटी, आणि पाव म्हणजे पावशेर. वडील म्हणाले, "एक पाव द्या." दुकानदार म्हणाला, "पाव, लेकिन क्या?" वडिलांना वाटलं, पाव कशासाठी हवा ते विचारतोय. म्हणाले, "भोजन है." सिंधी माणसाला भोजनाबरोबर दुसरं काय सुचणार? त्यानं पापड तोलून दिले. वडील सगळ्यांना सांगत होते, "मिरे चांगले घातलेत हो."

बाकं हसून हलत होती. साहेबांनी पापडाकडे पाहिलं, मग चुलीकडे. मावशी तिथेच उभ्या होत्या, पदर डोक्यावर, ओठ घट्ट. या वेळी त्यांनी विचारलंच नाही. साहेब म्हणाले, "मावशी, पीठ आहे का?"

त्यांनी परात ओढली. साऱ्या मंडळीसमोर त्या मळत होत्या, थापत होत्या, आणि मला वाटलं, आता उपदेश सुरू होईल. तव्यावर पाणी फिरलं, भाकरी निखाऱ्याला लागली, टम्म फुगली, तरी मावशी गप्प. वडील मोठ्यानं म्हणाले, "मावशी, आजची शिकवण काय?" त्या म्हणाल्या, "आज शिकवण न्हाई. आज जेवाण हाय."

साहेबांनी आशीर्वाद मागून ती मोडली. वाफ त्यांच्या चष्म्यावर आली. सगळ्यांना देऊन ते मावशींपाशी गेले आणि त्यांच्या हातावर तुकडा ठेवला. एवढ्या माणसांना वाढणाऱ्या या बाईला कुणी वाढताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांनी तो कितीतरी वेळ चावला. मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, "घाईत कड कच्ची ऱ्हायली का रं?"

"नाही हो मावशी," मी म्हणालो.

राहिली होती थोडी. आता मावशी नाहीत, म्हणून सांगतो.