स्वयंपाकघरातली मतदार

सर्व संबंधितांस गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, पश्चिम जर्मनीची लोकशाही एका संध्याकाळी सर्वस्वी माझ्या जर्मन व्याकरणावर उभी होती. ती कोसळली नाही, यात माझा काडीचा हात नाही.

साठचं दशक सरत आलं होतं. मी गार्चिंगच्या प्रयोगशाळेत संशोधन करत होतो आणि म्युनिकमध्ये एका विधवा बाईंच्या घरी खोली घेऊन राहत होतो. डॉक्टरेट मिळायला अजून अवकाश होता, पण शेजारणींसमोर घराचा भाव वधारावा म्हणून बाई मला पहिल्या दिवसापासून ‘हेर डॉक्टर’, म्हणजे ‘डॉक्टरसाहेब’, म्हणत. निवडणूक तोंडावर आली होती. अमेरिकेत अध्यक्षपदाचे उमेदवार टीव्हीवर समोरासमोर वाद घालतात, ते वारं इथंही लागलं होतं. मोठ्या पक्षांचे पुढारी एका टेबलाभोवती बसून बोलणार होते. ज्यांचं अजून ठरलं नाही, त्यांची म्हणे त्यानं सोय होणार होती.

आमच्या बाईंचं ठरलं नव्हतं. का, ते त्यांनी मला एकदा इस्त्री करता करता सांगितलं.

“विशीत होते मी. मैदानात गेले, त्याचा आवाज ऐकला आणि आनंदानं रडले, हेर डॉक्टर. मग मत दिलं. तो कोण, हे तुम्हाला सांगायला नको.”

खरंच नको होतं. भिंतीवर त्यांच्या नवऱ्याचा आणि दोन भावांचा गणवेशातला फोटो होता. तिघांपैकी कोणीही परत आलं नव्हतं.

युद्धानंतर दर निवडणुकीला बाई मतपत्रिका कोरीच टाकून येत. पण या खेपेला जुन्याच सुरात बोलणारा एक नवा पक्ष गल्लीत पत्रकं वाटत होता, आणि कोरा कागद त्याला अडवणार नव्हता. मत द्यायलाच हवं होतं, आणि स्वतःच्या कानांवर तर बाईंचा अजिबात भरवसा नव्हता. त्यांनी तोडगा काढला. बैठकीत बसून टीव्ही मी ऐकायचा. त्या स्वयंपाकघरात दार लावून बसणार. मी धावत जाऊन मुद्दे सांगायचे.

“तुमच्या जर्मनमध्ये कशाचीच मोहिनी उरत नाही,” त्या मनापासून म्हणाल्या. माझ्या भाषेची एवढी कदर त्या देशात पुन्हा कोणी केली नाही.

तर मी धावत होतो. पेन्शन, शाळा, पूर्वेकडच्या शेजाऱ्यांशी बोलणी! तिकडे पुढारी एकमेकांचं बोलणं तोडत होते, इकडे मी अर्धा मुद्दा घेऊन पळत होतो आणि उरलेला अर्धा तोवर निसटत होता. दर फेरीला बाई जास्तच पांढऱ्याफटक.

“सगळे एकच म्हणतायत! अहो, मग मी निवडू कसं?”

आणि मग आला ‘डॉख’. या शब्दावर माझा फार जीव. जर्मन लोक तो असा ठासून म्हणत, की मी त्याचा अर्थ परस्पर आपल्या ‘हो तर!’सारखा लावून टाकला होता. आपल्याकडे ‘येणार नाहीस ना?’ असं विचारलं, की आपण ‘हो, नाही येणार’ म्हणून मोकळे. जर्मन माणूस अशा प्रश्नाला ‘डॉख’ म्हणाला, तर त्याचा अर्थ होतो, येणार म्हणजे येणारच.

बाईंनी माझी बाही धरली. “आत्ता बोलतोय तो माणूस पोरांना पुन्हा युद्धावर पाठवणार नाही ना?”

त्या पुढाऱ्यानं नुकतंच ‘कदापि नाही’ असं ठणकावून सांगितलं होतं. मी छाती काढून गरजलो, “डॉख!”

बाईंच्या हातातली सुरी फरशीवर पडली. मला बाजूला ढकलून त्या थेट बैठकीत घुसल्या. मागून मी ‘नाही, नाही, तसं नाही’ करत धावलो, पण ऐकतंय कोण!

पडद्यावर तोच पुढारी बोलत होता. सावकाश, जरा घोगऱ्या, भारदस्त आवाजात. या देशातल्या आयांनी पुरेसे मुलगे गमावलेत, आता एकही नाही, असं काहीसं. बाईंचे खांदे सैल पडले. त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या, पुढे झुकल्या, ऐकत राहिल्या. डोळे भरून आले. गैरसमज फिटला, मत ठरलं, असं समजून मी हुश्श केलं.

तेवढ्यात बाईंचा हात गालाकडे गेला. बोटांवरचं पाणी त्यांनी पाहिलं, आणि दोन्ही कान गच्च दाबून त्या ओरडल्या,

“बंद करा तो टीव्ही, हेर डॉक्टर! मला हा आवडायला लागलाय!”