अंगणातल्या आडव्या रेघा

"हात सैल सोड, बये. बाकी मी बघते." आमच्या मिरजगावची कासारीण बांगड्या भरायला मनगट धरलं की हेच म्हणायची. तुमच्याही गावात अशी एखादी असेल, जिच्या हातात हात देताना भीती वाटत नाही.

तिचा स्वतःचा हात मात्र स्वस्थ नसायचा. मांडीवर ठेवला की अंगठा बोटावर फिरत राहायचा, जणू ती वात वळतेय. चेहराही हसेनासा झाला होता. ते बघून मला घरी आल्यावरही चैन पडत नसे.

तिच्या मुलानं तिला नगरला दाखवून आणलं. परत आल्यावर ती सांगू लागली, "डाक्तर म्हनला, मेंदूत कसलासा रस असतो, वय झालं की आटतो. मग डोक्याचा हुकूम हातापायाला पोचत न्हाई." आणि तोंडावरची सुरकुती न हलवता म्हणाली, "गावच्या हिरी आटल्या. माझं डोकं काय येगळं हाय?"

आमच्या अंगणाशी येऊन तिचे पाय चिकटायचे. पुढे टाकायचा म्हटलं तरी पाऊल उचलत नसे. एका सकाळी मी रांगोळीची पहिली आडवी रेघ ओढली होती. ती ओलांडायला तिचा पाय चटकन उठला. पुढे रेघ नव्हती, तिथं ती पुन्हा थांबली.

"आजून एक वढ की गं," ती म्हणाली.

विहिरी आटलेल्या त्याच दुष्काळात नणंदेचं लग्न ठरलं. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, म्हणाल्या, "तिचा हात लटलटा कापतोय. हिरव्या चुड्यातली एक जरी फुटली, तर लग्नाच्या तोंडावर अपशकुन. दुसरी कासारीण सांगितलीय."

हे तिच्या कानावर गेलं. पाण्याला जाताना मला गाठून म्हणाली, "तुझ्या नणंदेला पयली बांगडी मीच भरली हुती. दातबी नव्हते तिला." अंगठा बोटावर फिरतच होता.

आत्याबाईंसमोर मी कधी बोलले नव्हते. चुड्याच्या सकाळी गल्लीपासून ओसरीपर्यंत पावलापावलावर रेघा ओढल्या आणि तिला आणायला निघाले.

"अगं, ही रांगोळी हाय का शिडी?" आत्याबाई ओसरीवरून ओरडल्या.

"कासारीणबाई येतायत," एवढंच म्हणाले.

ती एकेक रेघ ओलांडत आली. नणंदेचं मनगट धरलं आणि तिची थरथर थांबली. पण काम फार सावकाश चाललं. बायका कुजबुजू लागल्या. चुडा भरून झाला. एकही फुटली नाही.

आत्याबाई पुढे सरकून बसल्या आणि आपला हात तिच्यापुढं धरला.

"सैल सोड, बये," ती त्यांनाही म्हणाली.

पुढच्या वर्षी ती गेली. आता ती दुसरी कासारीण येते, रेघांवर पाय देत, तरातरा. ती ओसरीवर टेकली की मी बाहेर जाते आणि पुसलेल्या रेघा पुन्हा ओढून ठेवते.