पायरीवरचं बूच

टीव्हीवरची पौराणिक मालिका संपली, की डोंबिवलीच्या आमच्या चाळीत दर रविवारी खराट्याच्या काड्यांचे बाण सुटायला लागायचे. मागच्या चाळीतल्या एका मुलीचा त्यात डोळा गेला. तेव्हापासून मी जिन्यात उभी राहून, माझ्या लेकाचाच काय, प्रत्येक पोराचा बाण तपासायचे. टोकाला इंजेक्शनच्या बाटलीचं रबरी बूच घट्ट खोचलेलं नसेल, तर काडी तिथल्या तिथे मोडायचे. पोरं मला खडूस म्हणायची. म्हणू देत मेली!

एका रविवारी सगळे बाण ओढून बघितले, मगच पोरांना खाली सोडलं. थोड्या वेळाने बादली घेऊन नळावर निघाले, तर पायरीवर एक बूच पडलेलं. खाली पोरांचा गलका चालला होता. मी वाकून बूच उचललं, आणि गलका एकदम थांबला.