चार बोटं कमी

मी फेकलेली कुठलीही वस्तू चार बोटं कमी पडते. लिंबाची साल डब्याच्या काठाला लागून फरशीवर, ओला टॉवेल दोरीच्या अलीकडं, गाडीची किल्ली सोफ्याखाली. बायको म्हणते, "म्हणे बास्केटबॉलचे कोच! बरं झालं, लग्नात हार गळ्यात घालायचा असतो, लांबून फेकायचा नसतो." भाचेपुतणे खिदळतात आणि मग फर्माईश होते, काका, ती खांबाची गोष्ट. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे, की बायको मेथी निवडता निवडता माझ्या आधीच पुढचं वाक्य म्हणून टाकते. फक्त एका ठिकाणी गोष्ट आली की तिचे हात थांबतात.

मलकापूरपासून एसटीनं पाऊण तासावर आमचं कॉलेज. चहूकडं काळी जमीन. चैत्रात तिला अशा भेगा पडतात, की कोपरापर्यंत हात आत जावा. आमचं बास्केटबॉलचं कोर्ट अर्धंच आहे. एक खांब, एक बोर्ड, एक रिंग. दुसरा खांब पुढच्या वर्षी येणार होता. मी तिथं विद्यार्थी होतो तेव्हाही तो पुढच्याच वर्षी येणार होता.

जागा देणाऱ्यानं शेतातली विहीर दगडमातीनं बुजवून जमीन कॉलेजला दिली होती, आणि खांब बरोबर त्या विहिरीच्या तोंडाशी आला होता. हे गावात सगळ्यांना माहीत, पण कोर्टावर कोणी बोलत नसे. बोलायची गरजही नव्हती. कोर्टभर चेंडू आपटला की तो ठण् करून वर यायचा. खांबाजवळ मात्र आवाज पोकळ व्हायचा आणि चेंडू अंमळ उशिरानं यायचा, खालून कोणीतरी झेलून, क्षणभर हातात धरून, मग परत दिल्यासारखा. एकदा खांबाशेजारच्या भेगेत माझी शिटी पडली. आम्ही पाचसहा जण कान देऊन उभे राहिलो. ती कुठं टेकल्याचा आवाज काही आला नाही.

मी कोच कसा झालो, ते आधी सांगतो, कारण त्यात फुशारकी मारण्यासारखं काहीच नाही. कॉलेजात असताना माझ्यासारखा फ्री थ्रो टाकणारा पंचक्रोशीत नव्हता. फ्री थ्रो म्हणजे समोर कोणी आडवं नसताना रेषेमागून निवांत टाकायचा चेंडू. आमच्या कोर्टावर मी दहापैकी दहा टाकायचो, तेही गप्पा मारत. अमरावतीला विद्यापीठ संघाची निवड चाचणी झाली तेव्हा दहाच्या दहा रिंगच्या पुढच्या कडेवर आपटले. एकाच जागी, खिळा ठोकावा तसे. परतताना आमचे सर, म्हणजे तेव्हाचे कोच, वाटभर खिडकीबाहेर बघत होते. मलकापूर स्टेशनावर त्यांनी मला कचोरी घेऊन दिली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुह्या हातात खेळ नाई, पन शिकवायचा गुण हाय. तू शिकवायले लाग."

सरांचा शब्द म्हणजे माझ्यासाठी देवाचा. मी बी.पी.एड. केलं, संग्रामपूरच्या एका शाळेत काही वर्षं कवायत घेतली, आणि सर निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याच जागी तासिका तत्त्वावर लागलो. ही गोष्ट घडली तेव्हा त्याला अठरा वर्षं झाली होती. तासिका तशाच आहेत, तत्त्व काय होतं ते विसरलो.

पण काम झकास चाललं होतं, असं मला वाटायचं. माझ्या हाताखाली पोरं दर वर्षी उंच उडायला लागली. सुरुवातीला रिंगच्या जाळीला बोट लावणारा एखादाच असायचा. मग तिघंचौघं झाले. पुढं पुढं साधारण उंचीची पोरं रिंगला लोंबकळायला लागली. प्राचार्यांनी गॅदरिंगमध्ये माझा सत्कार केला, 'उडी वाढवण्याचे खास तंत्र' असं काहीतरी बोलले, आणि मी मान खाली घालून ऐकलं, जणू तंत्र सांगायला मला संकोच वाटत होता.

बाहेरगावी मात्र आम्ही हरायचो. नुसते हरत नव्हतो. सगळ्यांचे चेंडू कमी पडायचे. पोरांचे, पोरींचे, नव्यांचे, जुन्यांचे, सगळ्यांचे पुढच्या कडेवर. आणि हे कमी पडणं वर्षागणिक वाढत होतं. समोरच्या संघाची पोरं हसायची, मग हसणं थांबवून बघत राहायची, कारण दहा वेगवेगळे हात एकच चूक करत होते. शेजारच्या शेतातली म्हातारी मला म्हणाली, "सर, ईर बुजवली तरी तिची तहान बुजत नाई. आसराचं ठान हाय थे. तुमचं तिथं राह्यते, म्हनून बाहीर कमी पडते."

मी तिला शास्त्रीय दृष्टिकोनावर पाच मिनिटं ऐकवलं. आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी, कोर्टावर चिटपाखरू नसताना, खांबामागं पाण्यातल्या साती आसरांच्या नावानं कुंकवाची सात बोटं ओढून आलो. घरी बायकोनं हाताकडं बघून विचारलं, "कोणाच्या कपाळाला लावून आलात?" मी म्हणालो, "रंगकाम चालू आहे कॉलेजात."

मग ती मुलगी आली. वडील वांगी-मेथी करायचे, पहाटे मलकापूरच्या बाजारात माल टाकायचे; ही त्यांच्याबरोबर जुड्या बांधून सातला कोर्टावर हजर. बोटांना मेथीचा वास. माझ्यानंतर तसा हात मी पाहिला नव्हता. तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, विद्यापीठाची जर्सी. पहिल्या वर्षी चाचणीत तिचे चेंडू कमी पडले. दुसऱ्या वर्षीही पडले. आता बीएचं शेवटचं वर्ष, आणि पुढं शिकवायची घरच्यांची तयारी नव्हती. म्हणजे ही शेवटचीच संधी.

दसरा झाला होता. चाचणीला नऊ दिवस होते. मलकापूरला एक मैत्रीचा सामना खेळून आम्ही परतलो. तिचे सगळे फ्री थ्रो पुढच्या कडेवर गेले होते. इतर पोरी गेल्या, ती खांबाला टेकून उभी राहिली.

"सर, एक विचारू? हासू नका."

"विचार."

"आपल्या इथं मी डोये झाकून टाकला तरी जाते. तिकडं मी टाकला का कोनी रिंग वर उचलते का हो?"

मी हसलो नाही. चोवीस वर्षांपूर्वी अमरावतीला मला अगदी हेच वाटलं होतं, आणि मी ते कोणाला सांगितलं नव्हतं.

"घरी जा," मी म्हणालो. "हात चांगला आहे तुझा."

हेच वाक्य मी तिला दोन वर्षं सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेषा आखायला फक्की काढावी म्हणून मी सामानाची खोली उघडली. दारामागं एक जुना बांबू कायम उभा असायचा. जाळी काढायला, अडकलेला चेंडू पाडायला मी तो शंभरदा वापरला असेन. त्या दिवशी तिरपं ऊन त्याच्यावर पडलं होतं, आणि मला दिसलं, की वरच्या टोकाला सुरीनं पाडलेल्या आडव्या खाचा आहेत. एकीखाली एक. दोन खाचांमध्ये गव्हाच्या दाण्याएवढं अंतर. वरच्या खाचा काळ्या पडलेल्या, खालच्या उजळ, आणि सगळ्यात खालची इतकी ताजी, की तिच्यात बांबूचा पिवळा रंग अजून ओला वाटत होता.

मी बांबू उचलून रिंगखाली नेला. उन्हात कोर्ट पांढरं पडलं होतं. वारा नव्हता. बांबू उभा केला आणि वर बघितलं.

सगळ्यात खालची खाच आणि रिंगची सळई यांच्यात जेमतेम अर्धा गहू मावला असता.

मी खाचा मोजल्या. छत्तीस, कॉलेजच्या वयाएवढ्याच; म्हणजे वर्षाला एक. वरून अठरा मोजल्यावर सरांची निवृत्ती येत होती. त्यापुढच्या अठरा माझ्या काळातल्या. मी त्या पाडल्या नव्हत्या, आणि त्या खोलीची किल्ली माझ्याकडं होती. मग टेप आणला. अठरा वर्षांत पहिल्यांदा. रिंग जमिनीपासून दहा फूट हवी. ती दहा फुटांना वीतभर कमी होती.

पोरं उंच उडत नव्हती. रिंग त्यांच्याकडं खाली येत होती. खांब सरळ उभा, न कलता, न वाकता, दर वर्षी एक गहू खाली उतरत होता.

किल्ली आणखी एकाकडं होती, आमच्या शिपायाकडं. त्यांना सगळे मामा म्हणतात. कॉलेजच्या पहिल्या दिवसापासून आहेत. ते पिंपळाखाली डबा खात बसले होते. मी बांबू त्यांच्यासमोर धरला.

"मामा, ह्या खुणा कोणी केल्या?"

"वरच्या मोठ्या सरनं. खालच्या म्या."

"तुम्ही? काऊन?"

"सर रिटायर झाले त्या दिवशी बांबू माह्या हातात देल्ला. म्हने, दर आखाजीले रिंगले लावाचा, खून कराची. म्या करून राह्यलो."

"अठरा वर्षं, दर अक्षय्य तृतीयेला?"

"बंद कर असं कोनी म्हनलंच नाई."

"अहो पण मला सांगायचं ना!"

मामांनी घास खाली ठेवला. ते खरोखर चकित झाले होते. "तुमी सर हा! म्या म्हनलं तुमाले मालूम असन. दर खेपी बांबू तं तुमीच हातात घेता."

मी तिथंच दगडावर बसलो. मग विचारलं, की मोठे सर कधी कोणाला बोलले का नाहीत. मामा म्हणाले, "म्हनत, सांगतलं तं कोर्ट उखडा लागते. संस्थावाले दुसरं काई देत नाईत. हाय थे बी जाईन. राहू दे, म्हने, पोरं खेयून तं राह्यले."

सर जाऊन सहा वर्षं झाली होती. भांडायलाही कोणी नव्हतं.

मी बांबूवर माझं वर्ष शोधलं. बारावी खाच. पहिल्या खाचेपासून तिथपर्यंत बोटं लावून पाहिली. चार. बरोबर चार बोटं.

इथं बायकोचे हात थांबतात. कारण खुणा सरांनी पाडल्या होत्या. म्हणजे अमरावतीला माझा पहिला चेंडू पुढच्या कडेवर आपटला तेव्हा एवढ्या माणसांत एकाच माणसाला कारण माहीत होतं. खिडकीबाहेर बघणं आणि ती कचोरी, दोन्ही मला तेव्हा कळली नव्हती. माझी अख्खी नोकरी त्या कचोरीतून निघाली.

आता आठ दिवस उरले होते, आणि मीही तेच करू शकत होतो. ऐन वेळी मुलीचं मन कशाला बिघडवा, कोर्ट कशाला घालवा, एक कचोरी घेऊन द्यावी. हा विचार आला, हे कबूल करतो. तो अर्धा तास टिकला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या ऐवजी सहालाच मी तिला बोलावलं, बांबू हातात दिला आणि सगळं सांगितलं.

ती खाचांवरून बोट फिरवत होती. "म्हंजे माह्या हातात काईच खोट नोती?"

"नाही."

"आन हे दोन वर्सं?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मंग आजच वर करा."

गावातल्या वेल्डिंगवाल्यानं बोर्डाचे बोल्ट सोडले, खांबावर नवी पट्टी जोडली आणि रिंग दहा फुटांवर नेली. मुलीनं पहिला चेंडू टाकला. पुढची कड. दुसरा. पुढची कड. पहिल्या दिवशी एकही गेला नाही. दुसऱ्या दिवशी दोन गेले. पाचव्या दिवशी ती रडली आणि म्हणाली, की डोळ्यांना कळतं, हाताला कळत नाही. हात अजून जुन्याच जागी टाकतो, तिथं काही नसलं तरी. मी कोच म्हणून काय सांगणार? शेवटी मामाच म्हणाले, "बाई, डोयावर इस्वास नोको ठेवू. मोजून पाय." मग ती टाकण्याआधी रिंगखाली जाऊन हात उंच करून उभी राहायला लागली. बोटाच्या टोकापासून रिंग किती वर, ते अंगात साठवायचं, मग रेषेवर यायचं.

अमरावतीला तिनं तेच केलं. निवड करणारे म्हणाले, "काय चाललंय गं?"

"मोजून राह्यली, सर."

सगळे हसले. पहिला चेंडू पुढच्या कडेवर आपटला. तो आवाज मी चोवीस वर्षं ओळखत होतो. तिनं माझ्याकडं बघितलं. ओरडून काही सांगायला परवानगी नव्हती. मी अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवली. उरलेल्या नवांतले सात गेले. यादीत तिचं नाव सगळ्यात शेवटी होतं, पण होतं. गाडीत ती जर्सीची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी खिडकीबाहेर बघितलं नाही. कचोरीही तिनंच घेऊन दिली.

परतल्यावर मी प्राचार्यांना लेखी कळवलं. उत्तर अजून विचाराधीन आहे, आणि कोर्ट अजून आहे.

पुढच्या आखाजीला कॉलेज बंद होतं. दुपारी मी आणि मामा दोघंच. बांबू रिंगला लावला. पहिल्या खाचेपासून रिंग अर्धा गहू खाली आली होती. मामांनी सुरी काढली आणि मग थांबले.

"सर, हे आता बंद करू का?"

"नका. खूण करा. फक्त बांबू आता दारामागं नको, बाहेर उभा करू. सगळ्यांना दिसू दे."

मामा खूण पाडत असताना मी चेंडू घेऊन रेषेवर गेलो. जवळजवळ खऱ्या उंचीची रिंग, आमच्याच कोर्टावर, आणि बघायला कोणी नाही. मी टाकला. पुढची कड. पुन्हा टाकला. पुन्हा तिथंच. मामांनी मान वर करून पाहिलं, कपाळावर हात धरून अंदाज घेतला आणि म्हणाले, "चार बोटं, सर."

चेंडू खांबाजवळ पडला. पोकळ आवाज झाला. आम्ही दोघं बघत उभे होतो. तो वर आला, पण जरा वेळानं.